अडकलेली म्हैस आणि रुसलेलं मशीन

शकुची म्हैस नाल्यात अडकली होती, आणि तिन्हीसांजेच्या आत तिला बाहेर काढायचं होतं!

म्हशीचं नाव कोकिळा. दिवस भरलेले. विण्यासाठी एकांत हवा म्हणून ती दहिसरच्या गोठ्यातून सकाळीच सटकली आणि नॅशनल पार्कच्या कडेनं वर जाणाऱ्या कोरड्या नाल्यात, पार खिंडीत जाऊन बसली. तिच्या मागोमाग वाळवीनं पोखरलेला एक शिरीष कडाडला आणि खिंडीच्या तोंडावर आडवा झाला. दोन्ही बाजूंना कातळ, समोर उभी चढण, मागे खोड. त्या भागात बिबट्या फिरायचा, आणि नुकत्याच जन्मलेल्या रेडकाचा वास त्याला लांबून लागतो. फॉरेस्ट गार्ड येऊन पाहून गेला होता. "पडलेलं लाकूड आहे, कापा. पण उजेडात बाहेर पडा," असं बजावून तो दुसऱ्या टोकाला बोलावणं आलं म्हणून गेला.

पद्मजा लग्न होऊन बोरीवलीत आल्यापासून शकुचंच दूध घेत होती. शकुचा रडवेला फोन येताच तिला आपला दीर आठवला. चंद्रप्रकाशनं देवगडच्या बागेतला जुना चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारं लाकूड कापायचं मशीन, फ्लॅटच्या माळ्यावर जपून ठेवलं होतं.

"चालतं ना भावोजी ते?"

"चालतं? वहिनी, धावतं ते! एका झटक्यात स्टार्ट."

तिघं नाला चढू लागले. पुढे कोयता घेतलेली शकु, मध्ये मशीन खांद्यावर मारलेला चंद्रप्रकाश, मागे पेट्रोलची बाटली सांभाळत पद्मजा. दगड शेवाळून वाळलेले होते, पाय ठेवला की सुटायचे. चंद्रप्रकाश दोनदा बसला आणि दोन्ही वेळा आपण विश्रांती घेतल्याचं सांगितलं. एका वळणावर ते घाम पुसायला थांबले, तेवढ्यात वडावरून माकड उतरलं. चंद्रप्रकाशनं खाली ठेवलेली पिशवी उचलली. गेलं! वर बसून त्यानं पिशवीतले वडापाव शांतपणे संपवले आणि पिशवी शेंड्यावर अडकवून ठेवली. मशीन खोलायचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच पिशवीत होते.

"लागणारच नाहीत," चंद्रप्रकाश म्हणाला.

खिंडीशी पोचल्यावर खोडापलीकडून कोकिळानं हंबरून त्यांना पाहिलं. तिची शेपटी एका बाजूला झाली होती. शकु म्हणाली, "आता विणं लांब नाही गं. लवकर कर रे."

चंद्रप्रकाशनं चोक ओढला, पाय रोवला, दोरी खेचली. फुर्र. परत खेचली. फुर्र. पुढच्या झटक्याला मशीन एकदम गरजलं, आणि हात वर करून तो "बघितलंत?" म्हणेपर्यंत बंद पडलं.

"थंड आहे ते," त्यानं निदान केलं. मग, "गरम झालंय." मग, "इथली हवा सूट होत नाही."

दोरी ओढून ओढून त्याचा खांदा गेला. पद्मजानं मशीन आपल्याकडे घेतलं. विम्याच्या ऑफिसात ती नोकरीभर एका जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवरून गेली होती, आणि ती स्कूटर एकही सिग्नल बंद न पडता ओलांडत नसे.

"स्टार्ट होतं आणि मरतं. म्हणजे ठिणगी आहे. उपाशी आहे ते. पेट्रोल पोचत नाही."

"टाकी फुल आहे, वहिनी."

"पोट नाही, घसा बंद आहे. शकु, कोयता दे."

कोयत्याच्या टोकानं तिनं स्क्रू सैल केले आणि कार्बोरेटरचं झाकण उघडलं. आत माळ्यावर पडून राहिलेलं पेट्रोल काकवीसारखं घट्ट झालं होतं. पेट्रोल गाळणारी नखाएवढी जाळी पार बुजली होती आणि आतला पातळ पडदा पापडासारखा कडक झाला होता. शकुनं बांगडीला अडकवलेली पिन न मागता काढून दिली. पद्मजानं जाळी टोकरली, धुतली. पडदा ताज्या पेट्रोलमध्ये बुडवून बोटांनी हळूहळू मऊ केला. शिळं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून आणलेलं ऑइल मिसळलेलं नवं पेट्रोल भरलं. चंद्रप्रकाश शेजारी बसून स्क्रू ओंजळीत धरून होता. त्याला शिंक आली. ती त्यानं कशी गिळली, त्याचं त्यालाच ठाऊक.

दोरी. झटका. गर्जना!

भुसा उडाला. पातं खोडात शिरलं. निम्मं खोड कापलं आणि मशीन पुन्हा मेलं. थोडं थांबून सुरू केलं, चाललं, परत मेलं. वर माकडं अचानक खॅक् खॅक् ओरडू लागली. शकुचा चेहरा उतरला. "तो फिरतोय."

 पद्मजानं टाकीचं झाकण जरा सैल केलं, तर बाहेरची हवा सुस्स करत आत शिरली. टाकीला श्वास घ्यायला असलेलं बारीक भोकही बंद होतं! पिननं तेही मोकळं केलं. यावेळी मशीन थांबलं नाही. खोड दोन जागी तुटलं. मधला ओंडका तिघांनी ढकलला आणि वाट झाली.

कोकिळा मात्र उठली नाही. तिचं दुसरंच काम चालू होतं. शकु वाकली, तिनं हात लावला, आणि काळंभोर, ओलंगच्च रेडकू पाचोळ्यावर घसरलं.

"उचल," शकु चंद्रप्रकाशला म्हणाली.

"मी?"

"माझी कंबर गेलीय. उचल मेल्या. ते पुढे गेलं की ही मागे येते."

त्यानं गव्हाच्या पोत्यासारखं ते खांद्यावर घेतलं. शर्ट क्षणात चिकट झाला. कोकिळा लगेच उठली आणि मागून त्याला ढुशा देत निघाली. सगळ्यात मागे पद्मजा. तिनं चेनचा ब्रेक लावला आणि कार्बोरेटरचा स्क्रू पिळून इंजिन न विझता गुरगुरत राहील असं केलं. झुडपात काहीतरी हललं. ती थांबली नाही. मशीन गुरगुरत होतं, चंद्रप्रकाश कण्हत होता, म्हैस हंबरत होती. असल्या वरातीच्या वाटेला कोण जाणार? झुडूप गप्प झालं.

गोठ्यात दिवे लागले होते. चंद्रप्रकाशनं रेडकू गवतावर ठेवलं आणि तिथेच फतकल मारली. कोकिळानं पिल्लाला चाटलं. मग तिनं मान वळवून चंद्रप्रकाशचा खांदा चाटला, मान चाटली, टक्कल चाटलं.

तो उठायला लागला.

"हलू नकोस," शकु हळूच म्हणाली. "रेडकाचा वास लागलाय तुला, आपलंच पिल्लू समजतेय ती. पान्हा फुटेस्तोवर बस."

पद्मजा तोंडाला पदर लावून हसत राहिली. चंद्रप्रकाशनं डोळे मिटले, आणि रेडकाच्या शेजारी तो मुकाट्यानं बसून राहिला.