मिरचीच्या कळीतली शिंगं

सातारच्या खासगी तपासनीस प्रियदर्शनी जगदाळे यांच्या दारात माया औंधहून धावतपळत आली.

"ताई, माझ्या मालकांवर आज केस होणार! तणनाशक मारून आमची मिरची नासवली, असं चुलत दीर दिग्विजय म्हणत्यात. मालकांची फौजेतली सुट्टी संपत आलीय. पलटणीत हे कळलं तर..."

दिग्विजयनं गावभर फिरवलेली फांदी तिनं टेबलावर ठेवली. कळ्या फुगून गाठी झाल्या होत्या. प्रत्येक गाठीला बारीक भोक.

"औषधाचाच परिणाम," सहायक लालासाहेब म्हणाले.

प्रियदर्शनींनी भिंग लावलं. "भोकं फारच स्वच्छ आहेत. चला औंधला."

दिग्विजयच्या मिरचीच्या बांधावर माणसं जमली होती. मायाचा नवरा इंद्रजित घामाघूम होऊन उभा होता. "मी या रानात पाऊलसुद्धा टाकलं न्हाई."

"ह्यो सुट्टीवर आला आन् कळ्या फुगल्या," दिग्विजय ओरडला. "त्याआधी पीक झ्याक हुतं."

त्याची आई मनुबाई काही बोलणार, तोच त्यानं तिच्याकडे डोळे वटारले.

प्रियदर्शनी सरीत शिरल्या. इथल्या गाठींच्या भोकांतून तपकिरी, पोकळ सालं बाहेर डोकावत होती. त्यांनी एक गाठ चिरली. आत पांढरी बुरशी आणि एक कोष. त्याच्या डोक्यावर दोन टोकदार शिंगं.

"तणनाशकाला शिंगं नसतात," त्या म्हणाल्या. "ही गादमाशी आहे, कळीत अंडी घालून गाठ करणारी बारीक माशी. बऱ्याच गादमाश्यांची अळी जमिनीत उतरून कोष करते; त्यांच्या गाठीचं भोक स्वच्छ राहतं. ही प्रजाती गाठीतच कोष करते. कोष शिंगांनी भोक पाडून अर्धा बाहेर येतो, माशी उडून जाते आणि साल भोकातच अडकून राहते."

"पण त्या फांदीवर सालं नव्हती!" लालासाहेब चमकले.

"कारण कुणीतरी ती वेचून काढली. म्हणजे हे किडीचं काम आहे, हे त्याला ठाऊक होतं. फांदी कुणी तोडली, दिग्विजय?"

दिग्विजय बांधावरून मागं सरकू लागला.

मनुबाई पुढं आल्या. "इंद्रजित यायच्या लय आधी मी फुगल्याल्या कळ्या खुडून जाळाय निघाले हुते. ह्यानंच अडवलं. म्हनला, मी बघतो."

"तुझं ऐकलं न्हाई आन् समदं रान गेलं, आई," दिग्विजय पुटपुटला. "तुला काय तोंड दावू? म्हणून इंद्रजितचं नाव घेतलं."

मनुबाईंनी लेकाचं मनगट धरलं. "चल चौकीत. जे केलंस ते तुझ्याच तोंडानं सांग. मी हाय संगं."

दोघं रस्त्याला लागली, तेव्हा कुठं माया बांधावर मटकन बसली आणि रडू लागली.