ओहोटीतली मेंढरं

आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस चुकून पडणारा मुलूख. दिवाळी झाली की आमची मेंढरांची माणसं कुंभार्ली घाट उतरून कोकणात जात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात भात घ्यायचं आणि उन्हाळ्याआधी घाट चढून माघारी यायचं.

लढाई संपल्यावर पलटणीनं मला घरी धाडलं. त्या साली, शेहेचाळीसच्या दिवाळीनंतर, मीही थोरल्या भावाबरोबर खाली उतरलो. आकारामदादा, त्याची बायको दगडावैनी, मी, बिऱ्हाड लादलेलं घोडं, कुत्री आणि मेंढरं.

खाचरं मोकळी व्हायची होती, म्हणून समुद्रावरच्या सड्यावर तळ टाकला. सडा म्हणजे तांबड्या कातळाचं उघडं पठार. समुद्रापाशी ते एकदम तुटतं, खाली नुसते कडे. आठवडाभर हवा छान होती. पहाटे जमिनीकडून गार वारा सुटे, दुपारी समुद्र निळाशार दिसे.

कार्तिकी अमावस्येला सकाळीच वारा मेला.

ओल्या घोंगडीसारखी हवा अंगावर बसली. आभाळ पू धरलेल्या जखमेसारखं पिवळं झालं. वारा नव्हता, तरी लाटा येत होत्या. लांबून, सावकाश, एकामागून एक... आणि कड्यावर आदळल्या की पायाखालचा कातळ थरथरायचा. मेंढरांनी चरणं सोडलं. सगळी समुद्राकडं तोंड करून उभी राहिली.

खालच्या वाडीतला म्हातारा धाकू खारवी वर आला.

"आम्ही होड्या वर ओढल्या," तो म्हणाला. "वादळ येतंय. मेंढरं आत न्या. आणि दर्या मागं सरला तर खाली बघत राहू नका."

"का?" मी विचारलं.

त्यानं आमच्या मेंढरांकडं पाहिलं. "नका बघू, एवढंच," म्हणाला आणि भराभर उतरून गेला.

आम्ही बिऱ्हाड आवरायला घेतलं. वैनी घोड्यावर बोजा बांधत होती. आणि एकाएकी लाटांचा आवाज थांबला. लढाईत मी पुष्कळ आवाज ऐकले होते, पण अशी शांतता कधी ऐकली नव्हती.

"आवं..." वैनी दबक्या आवाजात म्हणाली. "ती मेंढरं बगा."

समुद्र लांब मागं गेला होता. कधी न दिसलेली वाळू आणि काळे खडक उघडे पडले होते. त्या वाळूवर एक कळप चरत होता. शेजारी खांद्यावर घोंगडी टाकलेला एक माणूस, आमच्याकडं पाठ करून उभा.

"आपल्यातलाच हाय रं कुनीतरी," दादा म्हणाला. "घाटावरच्या मानसाला दर्याची काय म्हायती? पानी फिरलं तर समदा कळप जाईल."

"दादा, त्यो म्हातारा काय म्हनला..."

"मग काय, मानूस मरताना बगत बसू व्हय?"

दादा कड्याच्या घळीतून उतरला. मी मागोमाग गेलो आणि तळाच्या खडकावर थांबलो. थंडगार, कुजका वास येत होता. मेंढरं ओल्या वाळूत तोंड खुपसून खरोखरच चरत होती. वाळूवर दादाची पावलं स्पष्ट उमटली होती. खुरांचा मात्र एकही ठसा नव्हता.

"ए गड्या! पानी फिरंल, कळप वर घे!" दादानं हाक दिली.

माणूस वळला नाही. "चरू दे..." तो म्हणाला. इतक्या लांबून बोलला, तरी मला ते कानाशी ऐकू आलं. "लय दिस उपाशी हायती."

"कुन्या गावचा तू?"

"तुमच्याच वाटचा..." त्यानं पाठमोऱ्यानंच हात मागं केला. हातात कोकरू होतं. "एवढं घे. ह्येला ऊब पायजे."

मेंढक्याच्या जातीला पुढं केलेलं कोकरू नाकारता येत नाही. दादानं ते छातीशी धरलं.

तेवढ्यात मला दिसलं की पलीकडं समुद्राची कड वर उचलली आहे. मी ओरडलो. दादा धावला. त्याचा हात धरून मी त्याला घळीत ओढलं, तोवर पाणी खडकावर चढलं होतं. वर येऊन पाहिलं तर खाली नुसतं पाणी होतं. बुडणारं एक मेंढरू नाही, एक बेंबाटणं नाही.

वादळ कोसळायच्या आत आम्ही भातशेतांपलीकडचा एक रिकामा गोठा गाठला. बाहेर माड मोडत होते. वैनीनं ते कोकरू एका व्यालेल्या मेंढीला लावलं. मेंढी कण्हायला लागली, तरी ते तिला सोडेना. त्याच्या लोकरीतून पाणी ठिबकत होतं, आणि ते थांबतच नव्हतं. वैनीनं त्याच्या बरगडीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"भावजी... ह्येचा सास चालत न्हाई."

"भाईर सोड त्येला, दादा," मी म्हणालो.

दादानं कोकरू उचलून घोंगडीत, छातीशी घेतलं. "ह्येला ऊब पायजे," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. बोलण्याची रीत त्या माणसाची.

मी ते हिसकावलं. चिखलात रुतलेलं काही उपटावं तसं ते दादाच्या अंगावरून सुटलं. बाहेर पावसात फेकलं आणि दार लावून पाठ टेकली. मग गोठ्याभोवती आवाज सुरू झाला. पुष्कळ तोंडांनी गवत कुरतडल्यासारखा. बाहेर गवत नव्हतं, नुसता चिखल होता, आणि आमची मेंढरं सगळी आत होती. वादळ ओसरलं तेव्हाच तो आवाज थांबला.

भाताची आशा सोडून आम्ही माघारी फिरलो. घाटमाथ्यावर कोरडी, थंड हवा लागली आणि जीव हलका झाला. घाटापलीकडच्या हेळवाक गावी दादा पोटभर जेवला, हसलासुद्धा. फक्त थंडी वाजते म्हणायचा.

माघात लोकर कातरायला बसलो. पहिली मेंढी मी घेतली. त्या कोकराला पाजणारी. कातर कातडीपाशी जाऊन खट्कन अडकली. लोकर बाजूला केली. समुद्रातल्या खडकांना चिकटतात तशी कालवं तिच्या बरगड्यांवर दाटीनं चिकटली होती. मेंढी निवांत रवंथ करत होती. माणच्या कोरड्या उन्हात त्या शिंपा हळूहळू उघडत होत्या... मिटत होत्या. मी दुसरी मेंढी ओढली. तिलाही. तिसरीलाही.

"वैनी, बगितलंस का?" मी म्हणालो.

वैनी मेंढीकडं पाहतच नव्हती. ती दादाकडं पाहत होती. कोकणातून आल्यापासून त्यानं अंगातली बंडी कुणासमोर काढली नव्हती. तो उन्हात पाठमोरा उभा होता, आणि बंडीच्या आत, सावकाश, काहीतरी उघडत मिटत होतं.