पंपामागची फट

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा तो ट्रॅक्टरच्या इंजिनावरचा जुना रंग तारेच्या ब्रशने खरवडत होता. बायको गेली, एवढंच पलीकडून सांगितलं. फोन ठेवून त्याने उरलेली चार बोटं जागा खरवडली, मगच हात धुतले.

महिन्याने मुलीने विषय काढला. "बाबा, सात वर्षं हे धूड बंद आहे. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"आणि चालू झाला तर?"

"तर राहू दे. पण तो कसला चालू होतोय."

हा ट्रॅक्टर पुन्हा चालता करायचं त्याने बायकोला कबूल केलं होतं. जुन्या इंजिनांची कामं दोघं जोडीनेच करायची. पाने त्याच्याकडे, ब्रश तिच्याकडे. तिचा नियम एकच: रंग पुरा झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. इंजिन तापून तेल सुटलं की रंग धरत नाही.

त्याने इंजिन डिझेलने पुसलं, प्रायमर मारला, निळा रंग चढवला. शनिवारी दुपारी फक्त डिझेलपंपामागची फट उरली. तिथे तिचा हात जायचा. त्याचा मनगटाशीच अडकला.

शेजारचा मेस्त्री म्हणाला, "पंप खोल."

"इंजिनाचं टायमिंग जाईल. उद्यापर्यंत परत बसायचं नाही."

"मग राहू दे गंजकं. मागून कोण बघतंय?"

"ती बघायची."

शेडला कुलूप लावून दोघं एकत्रच जेवायला गेले.

परत येऊन त्याने फटीत बॅटरी मारली. आत निळा रंग ओला चमकत होता. पंपावर एक थेंब नव्हता. बारका ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, केस चिमटीने टोकदार करून ठेवला होता. तो स्वतः ब्रश तसाच टाकून द्यायचा.

"तू रंगवलंस?" त्याने मुलीला विचारलं.

"मी? त्याला हात लावला की आठवडाभर नखं काळी राहतात."

कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात होती. त्याने पुढे कुणाला विचारलं नाही.

रविवारी भंगारवाला साखळदंड घेऊन आला. भंगारवाल्यासमोरच त्याने ट्रॅक्टरची किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कुरकुरलं. तिसऱ्यांदा काळा धूर ओकून असं सुरू झालं की शेडचे पत्रे थरथरले.

"काका, मी चाललो," भंगारवाला हसत म्हणाला. "हा तर माझ्या टेम्पोपेक्षा ठणठणीत आहे."

मुलगी मडगार्डवर चढून बसली. महिन्यात पहिल्यांदाच ती खळखळून हसली. त्याने अंगणाला तीन फेऱ्या मारल्या, छाती फुगवून.

संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, तो ट्रॅक्टरखाली आडवा पडला.

फटीच्या कडेला ब्लॉकवर कोरी जागा होती. डाव्या पंजाएवढी. पाची बोटं स्पष्ट. उजव्या हाताने रंगवताना आधाराला टेकतात, तशी.

त्याने निळ्या रंगात बुडवलेला ब्रश पुढे केला.

लोखंडाच्या बोटभर अलीकडे तो थांबला. मऊ काहीतरी लागलं. केस वाकले.

त्याने ब्रश मागे घेतला.

तेवढी जागा रंगवायची राहिली आहे.