आधीचा मालक

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात निळा ठिपका नसलेला संगणक विकायला आता कायद्यानं बंदी होती. ठिपक्याचं नाव ‘अंतरंग’. त्यावर बोट ठेवलं की यंत्रातला एकेक भाग आपली ओळख सांगे, तीही सरळ मराठीत. ‘मी बॅटरी. चार वर्षांची आहे. निम्मी थकले आहे.’ ‘मी साठवणीची चकती. याआधी एका फोटो स्टुडिओत होते.’ पूर्वी एवढंच शोधायचं तर खिडकीतून खिडकी उघडत जावं लागे, आणि शेवटी हाती लागे ते अक्षरं-आकड्यांचं एक लांबलचक नाव. त्याचा अर्थ फक्त विकणाऱ्याला माहीत असे, आणि तो कशाला सांगतोय?

जयसिंगपुरात असे न सांगणारे म्हणजे रावसाहेब चौगुले. जुने संगणक घ्यायचे, पुसायचे, विकायचे, यात त्यांचा जन्म गेला. गिऱ्हाईक फार खोलात शिरू लागलं की ते चहा मागवत आणि म्हणत, “तुमास्नी आतलं कशाला पायजे? चालतंय न्हवं? मग झालं.” कपातला चहा संपेपर्यंत सौदा झालेला असे. अंतरंग आलं आणि त्या चहातली जादू गेली. बरं, ते आणलं कोणी, तर त्यांच्याच लेकीनं. डॉ. शर्वरी चौगुले. बारा वर्षं ती याच एका हट्टाच्या मागे होती, की माणसाला आपल्या यंत्राबद्दल जे हवं ते एका बोटात सापडलं पाहिजे. पोरीला शिकवली आणि तिनं बापाचं दुकान बसवलं, असं रावसाहेब गावभर सांगत. सांगताना छाती अशी फुगे, की ही तक्रार की बढाई, ते ऐकणाऱ्याला ठरवता येत नसे.

त्या रविवारी शर्वरी घरी आली ती अंतरंगाची नवी आवृत्ती घेऊन. वडिलांच्या संगणकावर ती चढवता चढवता तिनं समजावून सांगितलं, की आता शरीरात बसवलेली यंत्रंही अंतरंगाला दिसतील. कुणाच्या हृदयाला ठेका देणारं यंत्र असतं, कुणाच्या कानात ऐकण्याचं. ती सगळी प्रकृतीची खबर द्यायला घरच्या संगणकाशी बिनतारी बोलतच असतात. मग त्यांनी लपून का राहायचं?

रावसाहेबांनी नकळत डाव्या कानामागे हात नेला. तिथं कातडीखाली गव्हाच्या दाण्याएवढी स्मृतिकुपी होती. तीन वर्षांमागे त्यांना झटका आला, मेंदूचा एक तुकडा निकामी झाला, आणि त्या तुकड्याचं आठवण ठेवायचं काम डॉक्टरांनी या कुपीकडे दिलं. कुपी नवीच घ्या, असं शर्वरीनं परदेशातून बजावलं होतं. रावसाहेबांनी हो म्हटलं आणि धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घेतली. नव्या मालाला पैसे मोजायचे तर आयुष्यभर लोकांना काय शिकवलं? डॉक्टरांनाही तिचं खोकं नवंकोरं दिसेल, एवढी तजवीज त्यांनी केली.

आता पोरीपुढं ते उघडं पडणार होतं. ते म्हणाले, आधी जेवून घेऊ. ती म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे. ठिपक्यावर तिनंच बोट ठेवलं.

यादीच्या तळाशी एक नवी ओळ आली. ‘मी स्मृतिकुपी. तीन वर्षं रावसाहेबांजवळ आहे. त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्या माणसाजवळ होते. मला घाईत पुसलं आहे.’

शर्वरीनं ती ओळ दोनदा वाचली आणि रावसाहेबांकडे बघितलं. पुसलेलं म्हणजे पुसलेलंच की, असं ते पुटपुटले खरे, पण या बाबतीत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घाईत पुसणं म्हणजे घरांवरच्या पाट्या तेवढ्या काढायच्या. आतली बिऱ्हाडं तिथंच राहतात. दुकानात त्यांनी शेकडो यंत्रं अशीच पुसली होती. ज्यानं ही कुपी पुसली, तोही त्यांच्याच तालमीतला.

“म्हंजे दुसऱ्याचं काय तरी माझ्या डोक्यात ऱ्हायलंय?”

“असेल, आप्पा. मेंदूला पाट्या लागत नाहीत. जे सापडेल ते तो आपलंच समजतो.”

मग ती नुसतीच पडद्यावरची यादी वरखाली करत राहिली. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्यात रावसाहेबांचा हात कुणी धरला नसता. लेक काहीतरी गिळते आहे हे त्यांनी ओळखलं आणि बोल म्हणाले.

“शेततळ्याची गोष्ट,” ती म्हणाली. “लहानपणी मी ती कधीच ऐकली नव्हती. तुम्ही सांगायला लागलात ते ऑपरेशननंतर.”

शेततळ्याची गोष्ट आता पाहुण्यारावळ्यांना पाठ होती. तीन वर्षांची शर्वरी मळ्यातल्या शेततळ्यात पडली. खाली अंथरलेलं प्लास्टिक शेवाळानं निसरडं, चढायला जावं तर पाय घसरून पुन्हा आत. रावसाहेबांनी उडी मारली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि ठिबकच्या नळीला धरून वीतवीत वर आले. नळीनं तळहात कापले होते. ओल्या झबल्याचं वजन त्यांच्या खांद्याला अजून जाणवे. धंद्यात काय खरं, काय खोटं केलं त्याचा हिशेब वर द्यायची वेळ आली, तर जमेच्या बाजूला हे एकच शेततळं पुरेल, असा त्यांचा भरवसा होता.

खात्री करायला शर्वरीची आई हयात नव्हती. तळहातावर वण शोधायचा, तर बाहत्तर वर्षांच्या हातावर रेघांना तोटा नसतो.

शर्वरीनं सांगितलं, की कुपीत उतरणाऱ्या प्रत्येक आठवणीवर ती उतरल्याची तारीख उमटते, गॅसच्या टाकीवर असते तशी. तारीख तीन वर्षांच्या अलीकडची असेल तर आठवण तुमची. तुमच्या मेंदूनं ती नंतर कुपीत ठेवली. पलीकडची असेल तर आधीच्या माणसाची. तुम्ही आठवायचं, ठिपका दाबायचा, अंतरंग सांगेल.

“मग दाब.”

तिचं बोट पडद्यापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. एका बोटात सापडावं म्हणून बारा वर्षं झिजवलेलं ते बोट. “चालतंय ना, आप्पा?” ती हळूच म्हणाली. “मग राहू द्या.”

आपलाच माल आपल्याला कुणी विकू बघतंय, हे रावसाहेबांना जन्मात पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी डोळे मिटले, शेततळ्यात उडी मारली, आणि लेकीचा हात बाजूला सारून ठिपका दाबला.

पूर्वीच्या यंत्रांवर ‘नक्की ना?’ असं विचारणारी एक चौकट मध्ये येत असे. तिचा उगाच अडथळा होतो म्हणून शर्वरीनंच ती काढून टाकली होती. उत्तर लगेच आलं.

‘ही आठवण आधीच्या माणसाची आहे.’

बाहेर एक दुचाकी गेली. रावसाहेब आपला उजवा खांदा चोळत होते. ओलं झबलं अजून तिथंच होतं, तेवढंच जड.

“त्यो तर गेला असंल,” ते म्हणाले. “त्याशिवाय कुपी बाजारात येती व्हय? पर ती पोरगी असंल कुठं तरी. तिच्या बानं काय केलं, तिला ठावं तरी हाय का?”

शोधता येईल, असं शर्वरी म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. ते तिच्याकडे असे बघत होते, जसं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानातल्या उघडलेल्या यंत्राकडे बघे.

“शर्वरी, तू पडली असतीस, तर म्या उडी मारली असती का गं?”

“मारली असती, आप्पा,” ती म्हणाली. क्षणाचाही वेळ न लावता म्हणाली.

इतक्या झटपट उत्तर देणाऱ्या विक्रेत्यावर रावसाहेबांनी उभ्या आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता.