नागपूरची झळ

“अगं बाई, ही आता तोंडावर आपटणार!”

मी हे चक्क मोठ्याने बोलले. नॉटिंगहॅममध्ये मराठीत मोठ्याने बोलायचा एक फायदा असतो, कुणाला कळत नाही. २००६च्या ऑक्टोबरातला शनिवार होता. आडवा पाऊस, छत्री उलटी झालेली. ट्रॅम येईपर्यंत आडोसा म्हणून मी कॉमिक्सच्या एका दुकानात शिरले, तर समोर हे भलंमोठं पोस्टर! पाच अमेरिकन पोरं-पोरी ढगांतून उडताहेत आणि त्यांच्या मागे एक भारतीय मुलगी... साडीत. निऱ्या पाठीमागे, पदर गळ्याभोवती, कपाळावर बशीएवढं कुंकू.

“कुठे आपटणार?” मागून आवाज आला. मराठीत.

मी वळले. एका टेबलामागे कुरळ्या केसांचा मुलगा बसला होता. बोटांना शाई, शेजारी पोस्टरांचा गठ्ठा, आणि सही घ्यायला समोर एकही माणूस नाही.

“हा मुलगी मी काढला,” तो म्हणाला. “सॉरी... काढली?”

माझे कान तापले. पण आता माघार कशी घेणार?

“काढली. आणि तिच्या निऱ्या मागे काढल्यास. उडायचं राहू दे, तिला जिनासुद्धा उतरता येणार नाही.”

त्याने पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इतका मनापासून हसला की काउंटरवरचा माणूस दचकला.

नकुल त्याचं नाव. आईवडील नाशिकहून इथे आलेले, हा जन्माने नॉटिंगहॅमचा. न्यूयॉर्कची एक कंपनी कॉमिक्स काढायची, पाच तरुण सुपरहीरोंची. गोष्ट तिकडचा लेखक लिहायचा आणि चित्रं हा इथे घरी बसून काढायचा. आता त्या पाचांत सहावी येणार होती. नागपूरची, पंधरा वर्षांची. नाव काय, तर ‘मिस्टिक लोटस’!

“मी नागपूरची आहे,” मी म्हणाले. “ऋजुता. आमच्याकडे कुणी मिस्टिक नाही.”

“मग खरी मुलगी कसा असतो तिथे?”

“कशी असते.”

“कशी असते?” त्याने पेन्सिल उचलली होती.

मग मी सांगितलं. मे महिना, पंचेचाळीस डिग्री ऊन, ट्यूशनला निघालेली मुलगी. स्कूटीवर बसायच्या आधी ती अख्ख्या चेहऱ्याला ओढणी गुंडाळते. फक्त डोळे दिसतात, त्यांवर गॉगल. हातात कोपरापर्यंत पांढरे मोजे. आईलासुद्धा ओळखू येत नाही.

“सगळ्या मुली?” त्याची पेन्सिल थांबली.

“सगळ्या.”

“माय गॉड... म्हणजे पूर्ण शहर मास्कवाला आहे! आणि मी तिला साडी दिली?”

तो भराभर रेघा ओढत राहिला. कागदावर स्कूटी आली, ओढणी आली, गॉगलवर सूर्य चमकला. मी पाहत असतानाच बाहेर घंटा वाजली.

“माझी ट्रॅम गेली!”

“दुसरी येईल,” तो मान वर न करता म्हणाला. “हळू येऊ दे ना.”

त्यानंतर आमचे शनिवार ठरूनच गेले. स्टेशनजवळच्या कॅफेत तो चित्रं काढायचा, मी बोलायची. आठवडाभर मी ऑफिसात इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरमधल्या लोकांच्या चुका शोधायची. शनिवारी मात्र एका मुलीला जिवंत करायची. ती उन्हाची उष्णता अंगात साठवते आणि हवी तेव्हा सोडते, पण फिजिक्समध्ये नापास होते. आईला वाटतं ती ट्यूशनला आहे... आणि ती असते आगीत अडकलेल्या बसच्या टपावर.

“नाव?” नकुलने विचारलं.

“झळ.”

“झल.”

“ळ. जीभ वर वळव. ळ.”

तो शिकण्यासाठी माझ्या ओठांकडे पाहत होता. म्हणजे, फक्त शिकण्यासाठीच असावं. बराच वेळ शिकत होता.

“समजलं?” मी विचारलं.

“नाही. परत दाखव.”

न्यूयॉर्कला नवं रूप पसंत पडलं. नावसुद्धा! आम्ही कॅफेत टाळ्या पिटल्या, आणि माझा हात त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला.

मग फेब्रुवारीत पुढच्या अंकांची गोष्ट आली. नकुल ते कागद कपाखाली सरकवत होता. मी कागद ओढून घेतले आणि वाचले. तिसऱ्या अंकात झळ मरणार होती. टीमचा कॅप्टन रागाने पेटून उठावा, एवढ्याचसाठी.

“पंधरा वर्षांची पोरगी मारायची? त्याला राग यावा म्हणून?”

“लेखकने आधीच ठरवलं होतं. मी फक्त ड्रॉइंग करतो, ऋजुता.”

“मग कर. तिचं प्रेत पण छान काढ.”

“हे काम मिळायला मला किती वर्षं लागली, माहितीये तुला? मी नाही म्हटलं तर ते दुसरा माणूस घेतील. संपलं.”

त्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त रडू आलं. मी कोट घेतला आणि निघून गेले.

पुढच्या शनिवारी मी कॅफेकडे फिरकले नाही. त्याच्याही पुढच्या नाही. फ्लॅटमध्ये बसून वरणभात खाल्ला आणि स्वतःला समजावलं, एक कागदावरची मुलगी, काय एवढं! पण कागदावरच्या मुलीसोबत दुसरंही कुणीतरी डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

एका संध्याकाळी ऑफिसातून निघाले, तर तो ट्रॅमच्या थांब्यावर उभा. नखशिखांत भिजलेला. जॅकेट अंगात नव्हतं. ते त्याने एका मोठ्या फोल्डरभोवती गुंडाळलं होतं.

“मी ते पान काढायला बसलो,” तो म्हणाला. “नाही काढता आलं. हात... नाही चालला.”

“मग?”

“मग हे काढलं.”

थांब्याच्या छपराखाली त्याने फोल्डर उघडलं. आठ पानं. त्यांत झळ मरत नव्हती. कॅप्टन बर्फात गाडला गेला होता आणि आमची मुलगी, ओढणी वाऱ्यावर सोडून, साठवलेला सगळा उन्हाळा दोन्ही हातांनी त्या बर्फात ओतत होती. एका पानावर ती थकून बसली होती. तिच्या भुवया थेट माझ्यासारख्या होत्या.

“शब्द नाहीत यात,” मी कशीबशी म्हणाले.

“शब्द तुझे आहेत. तू लिही. आपण दोघं जाऊ आणि दाखवू.”

“आणि तुझं काम गेलं तर?”

“तर गेलं.” त्याने ओल्या बाहीनेच माझे डोळे पुसायचा प्रयत्न केला आणि ते आणखी ओले केले. “तू कॅफेत नाही आली... तेव्हा मला कळलं, कशाची भीती जास्त आहे.”

मी लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं.

मे महिन्यात ब्रिस्टलला कॉमिक्सचा मेळावा होता. न्यूयॉर्कची संपादक, जेनिस, तिथे आली होती. रुंद, करड्या केसांची, चष्मा दोरीला लटकवलेला. आम्ही तिच्यासमोर पानं ठेवली. ती वाचत गेली आणि मी टेबलाची कडा घट्ट धरून राहिले. झळ कॅप्टनला बर्फातून ओढून काढते आणि म्हणते, “आता माझ्या आईला फोन कर आणि सांग, मी ट्यूशनला होते,” तिथे जेनिस फस्सकन हसली. मग परत पहिल्या पानावर गेली.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.” माझाच आवाज मला परका वाटला. “तुमच्या लेखकाला तिला मारायचं असेल तर मारू द्या. पण त्याआधी वाचकांना तिला भेटू द्या. मग बघा, कोण तिला मारू देतं.”

जेनिसने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “दुसऱ्या अंकाच्या शेवटी छापते. पण लेखिका म्हणून तुला कुणी ओळखत नाही. नाव फक्त नकुलचं जाईल.”

हो म्हण, मी मनात म्हणाले. नकुल, हो म्हण.

त्याने शांतपणे पानं गोळा केली. “दोन नावं. आणि पहिलं तिचं. नाहीतर आम्ही घरी जातो.”

जेनिसने चष्मा खाली सोडला, पानांवर हात ठेवला आणि म्हणाली, “बसा दोघं.”

बाहेर आलो तेव्हा बंदराच्या पाण्यावर ऊन नाचत होतं. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि तो काही बोलायच्या आत त्याचं चुंबन घेतलं. सीगल किंचाळत होते. किंचाळू देत!

अंक निघाला आणि जेनिसच्या मेलबॉक्समध्ये पत्रांचा पूर आला. टेक्सासमधून, टोरांटोमधून, लेस्टरमधून. झळला मारू नका. झळला स्वतःचं पुस्तक द्या. तिसऱ्या अंकातलं मरण रद्द झालं आणि डिसेंबरात झळच्या स्वतंत्र मालिकेचा पहिला अंक आला. मुखपृष्ठावर दोन नावं, पहिलं माझं.

त्या अंकावर सह्या देण्याचा कार्यक्रम एडिनबराला ठेवला होता. बाहेर बोचरी थंडी, आणि रांग दुकानातून निघून पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. किती मुलींनी तोंडाला स्कार्फ गुंडाळले होते, वर गॉगल! नकुलचे आईवडील, कमलाकरकाका आणि अरुणाकाकू, खास गाडी चालवत आले होते आणि शिस्तीत रांगेत उभे होते.

मायरा नावाची एक चिमुरडी पुढे आली. नकुलची सही घेतली आणि माझ्याकडे बोट दाखवून तिने त्याला विचारलं, “ही कोण?”

“ही लेखिका. हिनेच झळला वाचवलं,” नकुल म्हणाला. “आणि माझी...”

तो अडकला. मला मजा वाटली. “सांग ना, तुझी कोण?” मी मराठीत विचारलं.

“माझी... तू म्हणशील ती.” कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. “इथे सगळे बघतायत, ऋजुता.”

“बघू देत. बायको म्हण.”

त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं हसू उमटलं, जे मी आजवर त्याच्या एकाही चित्रात पाहिलं नव्हतं.

“बायको,” तो मोठ्याने म्हणाला.

आणि रांगेच्या मधूनच अरुणाकाकूंचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला, “अहो, ऐकलंत का!”