बटणाची मागची बाजू

दुसऱ्याचं पोर कडेवर घ्यायचं तरी माणूस आधी आईला विचारतो. हिनं दुसऱ्याचा फोटो उचलला आणि विचारलंही नाही. दोघांची पहिली गाठ पडली ती अशी, भांडणानंच.

जुनी बटणं जमवणाऱ्यांचा एक ईमेल गट होता. एकानं मेल टाकला की तो सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडायचा. कुणी म्हातारे, कुणी रिकामटेकडे, एक निवृत्त मास्तरीणबाई. पण फोटोंच्या बाबतीत सगळे भारी काटेकोर. फोटो लहान करून पाठवायचा, नाहीतर जुन्या यंत्रावर तो उघडेपर्यंत चूल विझते. बटणाची पुढची बाजू दाखवली की मागचीही दाखवायची. फोटोत हात-बोटं दिसता कामा नयेत. वस्तू देवघेवीसाठी आहे की नुसती दाखवायला, ते विषयाच्या ओळीत लिहायचं. आणि दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुन्हा टाकायचा नाही. हे नियम करणारा आणि पाळायला लावणारा जो होता, त्याला सगळे पंच म्हणत.

हिनं एका दमात निम्मे नियम मोडले. गटाच्या जुन्या फोटोंतलं एक पितळी बटण तिनं शोधून काढलं होतं. त्यावर नांगर, आणि नांगराला विळखा घातलेला मासा. तो फोटो फुगवून फुगवून तिनं सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, असं बटण कुणाकडे आहे का, फार गरज आहे. सगळ्यांच्या पेट्या तुंबल्या. पंचानं सगळ्यांदेखत सुनावलं: "हा फोटो माझा आहे. आपण तो न विचारता उचललात. नियम वाचावेत."

तिनंही सगळ्यांदेखत उत्तर दिलं: "फोटो तुमचा, कळलं. बटणही तुमचंच आहे का, तेवढं सांगा. नियम उशाला घेऊन झोपेन. — टाचणी."

एरवी पंचाची जीभ तयार असायची. ते नाव वाचलं आणि त्यानं यंत्रच बंद केलं.

टाचणी हे नाव तिच्या दादानं ठेवलेलं. काटकुळी, आणि हात लावला की टोचणारी. कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती बसायची. वाफेनं भिंती ओल्या, वर एक पिवळा दिवा, आणि मांडीवर लोकांचे उसवलेले खिसे. दादा फेरीबोटीवर खलाशी होता. धुक्याच्या एका सकाळी बोट धक्क्याच्या भिंतीवर आदळली आणि कलंडली. दादा घरी आला तो चौघांच्या हातांवर, अंगात कंपनीचा कोट, आणि छातीवरचं एक बटण तुटलेलं. कंपनी पुढे बुडाली, तसली बटणंही गेली. धक्क्यावरचे लोक म्हणाले, कुणीतरी त्याला कोटाला धरलं होतं, मग सोडलं. कुणी, ते कुणी सांगितलं नाही.

आईनं तो कोट आपल्या खाटेसमोर खुंटीला लावला. लोक सकाळी उठून चूळ भरतात, ही आधी शिवी द्यायची: ज्यानं सोडलं त्याचा हात झडो. आता तिची छाती थकली होती. डॉक्टर औषधांचं बोलायचे थांबले होते आणि उशा किती उंच ठेवायच्या त्याचं बोलू लागले होते. आई म्हणायची, "माझं पोर उघड्या छातीनं उभंय. त्याचं बटण लागल्याशिवाय मी जायची नाही." दुसरं बटण चालायचं नाही, तेच हवं. टाचणीला पक्कं ठाऊक होतं की बटण मिळालं तर आई जाईल, आणि नाही मिळालं तर नुसती तडफडेल. तरी ती शोधत होती.

पंचानं दोन दिवसांनी तिला एकटीलाच लिहिलं. बटण त्याचंच होतं, पण देवघेवीसाठी नव्हतं. गरज कसली, तेवढं त्यानं विचारलं. तिनं कोटाचं सांगितलं, आईचं सांगितलं. तो 'बघतो' म्हणाला. मग बघता बघता रोजचं लिहिणं सुरू झालं. गोदीतल्या गोदामात तो मालाच्या पेट्यांवर खुणा रंगवायचा. शिंपल्याचं बटण गालाला लावून ओळखायचं, खरं असेल तर गार लागतं, हे त्यानं तिला शिकवलं. तिनं लिहिलं, तुमचा गालही तसाच असणार, गार. त्यावर त्यानं उत्तरच दिलं नाही, आणि ते न दिलेलं उत्तर ती दिवसभर इस्त्रीखाली दाबत राहिली.

एकदा मात्र तिची फजिती झाली. त्याला एकट्याला चिडवायला लिहिलेलं घाईत सगळ्या गटाला गेलं: "मागची बाजू दाखवा म्हणून आम्हाला दटावता. तुमच्याच बटणाची मागची बाजू कुठाय? तुमच्यासारखं लाजतं का ते?" मास्तरीणबाईंनी सगळ्यांदेखत लिहिलं की आम्हीही केव्हाची वाट बघतोय. टाचणीला धरणी ठाव देईना.

त्यानंतरच तो भेटायला तयार झाला. दुकानासमोरच्या बसथांब्याच्या आडोशाला, पिरपिर पाऊस पडत असताना. उंच, जरा वाकलेला, केसांवर थेंब. डावा हात मोकळा, उजवा कोटाच्या खिशात.

"खिशात काय दडवलंत?" तिनं विचारलं.

"काही नाही... सवय आहे."

तो तिच्याकडे बघायचा आणि तिनं बघितलं की पावसाकडे बघायचा. त्याच्या डाव्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. बटणांचा पंच, आणि स्वतःची ही गत. दिव्याखाली अंधार, असं म्हणत तिनं गळपट्टीत खोचलेली सुई काढली आणि उभ्या उभ्या बटण शिवायला घेतलं. त्याचं मनगट तिच्या हातात होतं. ऊन लागत होतं ते — गार नव्हतं.

"लाल दोरा?" तो एकदम म्हणाला. कोट निळा होता.

"आईची खोड. घरातलं प्रत्येक बटण दुहेरी लाल दोऱ्यानं. दादाला त्यावरून बोटीवर चिडवायचे म्हणे."

त्याचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला. तिनं दोरा दातानं तोडला, तेवढ्यात समोर जी बस आली तीत तो चढला. त्याची नव्हतीच ती बस.

आणि मग तो फोटो आला. तिला एकटीला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं: मागची बाजू.

बटणाच्या मागे दोऱ्यासाठी कडी असते आणि पुढची बाजू फुगीर, त्यामुळे ते पालथं ठेवलं तर सरळ राहत नाही, कुणीतरी धरावं लागतं. त्यानं ते उजव्या हातात धरलं होतं. त्या हाताला दोन बोटं नव्हती. आणि बटणाच्या कडीत, पिळून तुटलेला, दुहेरी लाल दोरा अजून होता.

खाली त्यानं थोडंच लिहिलं होतं. मीच धरलं होतं त्याला. हे एक बटण एकटं सांभाळवेना, म्हणून बाकीची जमवली. कुणीतरी ओळखावं म्हणून त्याचा फोटो गटावर टाकला, आणि कुणी ओळखू नये म्हणून मागची बाजू टाकली नाही. टाचणी हे नाव तुमचा दादा बोटीवर रोज घ्यायचा. तुम्ही ते लिहिलंत त्याच दिवशी मला कळलं होतं.

तिनं फोन पालथा ठेवला. दिवसभर ती कुणाच्या तरी पँटची शिवण घालत राहिली आणि उसवत राहिली. दादा त्याच्या हातून गेला यापेक्षा तिला जास्त राग आला तो त्या रोजच्या गोड बोलण्याचा. सगळं ठाऊक असून हसत होता... ताकाला जाऊन भांडं लपवणारा. आपणही त्याच हाताच्या मालकासाठी केस विंचरून बसथांब्यावर गेलो, याचा तर जास्तच आला.

तिनं उत्तर दिलं नाही. पण आईचं अन्न तुटलं. कोटाकडे बघत ती नुसता श्वास ओढायची. तेव्हा टाचणीनं एक ओळ लिहिली: "बटण घेऊन या. आई विचारेल त्याचं उत्तर तुम्ही द्या, मी देणार नाही."

तो आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. टाचणीनं आईला सांगितलं, दादाबरोबरचे खलाशी आहेत, त्यांनीच धरलं होतं. आईनं मान वळवली.

"तुम्ही सोडलंत," ती म्हणाली.

"नाही सोडलं, मावशी." त्यानं खिशातून हात काढला. "कोटाला धरून कठड्यावरून खाली वाकलो होतो. बोट भिंतीकडे वळली आणि हात मधे सापडला. बोटंच गेली. उरलेल्यात हे होतं."

त्यानं बटण तिच्या तळव्यावर ठेवलं. आईनं ते उलटं केलं. आपला दोरा तिनं बोटानं चाचपला. या हाताला तिनं रोज झडायची शिवी दिली होती, आणि तो शिवीच्या आधीच झडला होता. दुसरी बाई रडली असती. ही रडली नाही.

"बोटं गेली होती, पाय तर शाबूत होते ना?" ती म्हणाली. "मग इतकी वर्षं आला का नाहीस?"

"भीती वाटली... तुमची."

"वाटायलाच हवी. आत ये. पोरी, लाल दोरा काढ."

तिनं त्याला अरेतुरे केलं, ते टाचणीच्या कानांनी आधी टिपलं. घरच्यांशिवाय आई कुणाला तसं बोलत नसे.

कोट खाटेवर पसरला. आईच्या हातात सुई ठरेना, म्हणून टाचणीनं टाके घातले. त्यानं उरलेल्या बोटांनी बटण जागेवर धरलं. सुई त्याच्या बोटाला दोनदा टोचली. एकदा चुकून, एकदा नाही. तो हलला नाही. शेवटची गाठ आईनं मारली आणि दोरा आपल्याच दातांनी तोडला. मग तिनं कोट छातीपाशी बंद करून बघितला, बराच वेळ, आणि परत खुंटीला लावायला सांगितला.

त्याच आठवड्यात ती गेली. कोटाकडे तोंड करून.

लोक आले, बसले, गेले. घरात खुर्च्या जास्त आणि माणसं कमी झाली. तो मात्र संध्याकाळी यायचा. खिडकीची बिघडलेली कडी बसवून द्यायचा, उशा उन्हात टाकायचा. एक दिवस मास्तरीणबाईंनी गटावर विचारलं की त्या मुलीला बटण मिळालं का. टाचणीनं कोट खिडकीपाशी आणला आणि त्याला छातीपाशी कापड ताणून धरायला सांगितलं. तिनं फोन उचलला तसा त्यानं सवयीनं हात मागे घेतला.

"हात राहू दे," ती म्हणाली.

"नियम आहे ना..."

"केला कुणी?"

"मी."

"मग मोड तूच."

त्यानं तिच्याकडे बघितलं. या वेळी पावसाकडे वळायला बाहेर पाऊस नव्हता. त्यानं हात परत कोटावर ठेवला, उरल्या बोटांसकट, बटणाच्या अगदी शेजारी. तिनं फोटो काढला, लहान केला, त्याचा हात म्हणून त्याला रीतसर विचारलं, आणि मग सगळ्यांना पाठवला.

विषयाच्या ओळीत लिहिलं: "बटण, आणि ते धरणारा. दोन्ही फक्त दाखवायला. देवघेवीसाठी नाहीत."