टाकळीच्या रंगकारखान्यातली वाट

ही घडलेली गोष्ट आहे. मोहिनी ती फार जणांना सांगत नाही. विषय निघाला की आजही उठून आत जाते.

नोव्हेंबर २००४. रविवार, दुपारचे चार. नाशिकला टाकळीच्या अलीकडे, गोदावरीच्या काठावरचा एक बंद रंगकारखाना.

तिथं पूर्वी सूत रंगवायचे. मग कितीतरी वर्षं कुलूप. आता काठ सुधारून कारखाना लोकांना बघायला खुला होणार होता. लोकांनी कुठून शिरायचं, कुठं थांबायचं, नदीवर कुठून उतरायचं, ती वाट आखायचं काम मोहिनीकडे होतं. तिचं पहिलंच मोठं काम.

फाटक, अंगण, रंगाच्या हौदांची खोली, आणि खोलीच्या पलीकडच्या दारातून घाट. बस, एवढीच वाट.

त्या दिवशी चाचणी होती. एकेकाला एकटं आत सोडायचं. नुसत्या पाट्या वाचून तो घाटावर पोचतो का बघायचं. तिथून बाहेरच्या गल्लीनं त्यानं फाटकाशी परत यायचं.

पहिला फिरून परत आला ऑफिसातला धनराज.

"पाट्या कशाला लावल्या मॅडम? त्या बाईंनी सगळं दाखवलं की."

"कोणत्या बाई?"

"गाईड. हिरव्या लुगड्यातल्या."

मोहिनीनं कुणालाच ठेवलं नव्हतं...

वस्तीतली कुणी शिरली असेल, असं तिला वाटलं. तिनं ऑफिसातल्याच आशाला सोडलं. तिच्यामागून स्वतःच्या आईला, वत्सलाबाईंना.

आशा परत आली ती हसतच.

"हौदांच्या खोलीत जाऊच दिलं नाही हो त्यांनी. रंग उकळायच्या भट्टीमागच्या फटीतून काढलं मला."

नकाशात तशी फट नव्हती.

पहारेकरी सलाउद्दीनचाचा शेजारीच उभे होते. तरुणपणी ते याच कारखान्यात रंगारी होते.

"हात कसे होते तिचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"निळे. पार कोपरापर्यंत."

चाचांनी फाटकातून आत पाहिलं.

"कुसाबाई... माझ्याबरोबर सूत रंगवायची. पुराचं पाणी आत घुसलं तेव्हा नदीकडचं दार बाहेरून बंद होतं, बेटी. भट्टीमागची भिंत खचली होती. तिथून तिनं अकरा बायका काढल्या. मग कोणी राहिलं का बघायला परत आत गेली. मी बाहेर उभा होतो. ती आलीच नाही."

"आणि ती फट?"

"त्याच वर्षी बुजवली. मीच विटा वाहिल्या."

आई अजून आली नव्हती.

मोहिनी आत धावली. अंगणात सकाळपासून चिमण्यांचा कलकलाट होता.

आता एकही नव्हती.

"आई..."



ती भट्टीमागं गेली. भिंत सलग होती. तिनं दोन्ही हातांनी चाचपून पाहिली.

तेवढ्यात हौदांच्या खोलीतून आवाज आला... ओलं सूत पिळल्याचा. मग पाण्याची धार.

हौद कोरडे होते. सकाळी तिनं स्वतः झाडून घेतले होते.

त्या खोलीत पाऊल टाकायचा तिला धीर झाला नाही. ती उलटी फिरली आणि चाचांना घेऊन गल्लीनं घाटावर आली.

वत्सलाबाई पायरीवर निवांत बसल्या होत्या.

"आई, तू इथं काय करतेस?"

"अगं, तुझीच वाट बघतेय. त्या बाईनं मला बाहेर आणलं आणि विचारलं, मागं कोणी राहिलं का? मी म्हटलं, माझी मुलगी राहिली, मोहिनी."

"मग?"

"मग काय, म्हणाली, थांबा, तिला घेऊन येते. आणि गेली आत."

मोहिनीनं मान वळवली. हौदांच्या खोलीचं घाटाकडचं दार उघडं होतं. आत अंधार.

आतून हाक आली...

"मोहिनी..."

रागाची नव्हती. घाईची होती.

मग पुन्हा, आणखी आतून. जणू कुणी हौदाहौदात शोधत होतं.

मोहिनीनं ओ द्यायला तोंड उघडलं. चाचांनी तिचं मनगट घट्ट धरलं. तिघं रस्त्यावर आले.

तिनं ते काम सोडलं. वाट दुसऱ्या कुणीतरी पुरी केली. लोक येतात, बघून जातात. हिरव्या लुगड्यातली बाई पुन्हा कुणालाच भेटली नाही.

वत्सलाबाई मात्र लेकीला अधूनमधून सांगतात, "माझ्या एका शब्दावर ती बिचारी आत गेली गं. एकदा जाऊन सांगून ये, मी बाहेर आहे म्हणून."

मोहिनी दोनदा फाटकापर्यंत गेली.

दोन्ही वेळा तिथूनच परत फिरली.